तळटीप : सोनगीरच्या माळावरील 'कुक्कुटकुल'
१. ग्रंथकर्त्याने कसबे सोनगीरच्या किल्ल्याखालील माळावरचे तित्तर, लावा, दुर्लाव आणि पखुर्डी हे चारही पक्षी 'कुक्कुटकुल' या एकाच सदरात दाखल केले आहेत. जमिनीवरचा वावर आणि मातकट पिसारा एवढ्या साम्यावर विसंबण्याचा जुन्या शिकारी-लेखकांचा प्रघात असला, तरी तो आता ग्राह्य धरता येत नाही. तित्तर आणि लावा हे मोर, रानकोंबडा व हिमालयातील मोनाल यांचे खरे सगोत्र होत. लिनियसने तर १७५८ साली कोंबड्याची गणना फेझंटच्याच प्रजातीत केली होती. दुर्लावाची गोष्ट निराळी. त्याच्या पायास मागील बोटच नसते, मादी नराहून मोठी व अधिक ठसठशीत रंगाची असते, अंडी उबविण्याचे काम नराकडे असते, आणि आनुवंशिक परीक्षणाअंती त्याचे नाते लाव्याशी नव्हे, तर पाणथळीच्या कुरव-तुतारी पक्ष्यांशी ठरले आहे. पखुर्डीचा गण स्वतंत्रच असून, तिचा नर पोटाच्या पिसांत पाणी शोषून घेऊन ते दूरवरच्या पिलांस नेऊन पाजतो. असे सामर्थ्य कोणत्याही तित्तरास नाही. मुळातील सदर आम्ही कायम ठेविले आहे.