ईयोबाचा पश्चात्ताप?

इ. स. पू. 586च्या सुमारास बाबिलोनच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेमचे मंदिर जाळले. हा आपल्याच पापांचा दंड, असा अर्थ हिब्रू धर्मग्रंथांनी लावला. ‘विलापगीता’च्या आक्रोशातही ती कबुली आहे. पण दंड नेमका कोणाच्या पापाचा? बाबिलोनात बंदिवासात असलेला संदेष्टा यहेज्केल बजावतो, की बापाच्या पापाचा भार मुलावर नाही. जो मागे फिरेल तो जगेल. पश्चात्तापासाठी येणाऱ्या ‘शूब’ या हिब्रू धातूचा मूळ अर्थ परत फिरणे असाच आहे.

हा न्याय आम्हांला अंमळ जास्तच नेटका वाटतो. त्याला तडा जातो तो ‘ईयोब’ या ग्रंथात. ईयोब निर्दोष आहे, हे वाचकाला पहिल्याच अध्यायात कळते. मित्र मात्र त्याच्या दुःखावरून त्याचे पाप सिद्ध करू पाहतात (परीक्षकांची ही जात जुनीच!). अखेर देवाचा कोप होतो तो या मित्रांवर.

आणि ईयोब? त्याच्या शेवटच्या उद्गारातील क्रियापद ‘नाहम’ या धातूचे आहे. त्याचा अर्थ पश्चात्ताप करणे असा होतो, तसाच सांत्वन पावणे असाही. रूढ भाषांतरे पहिला अर्थ घेतात. ग्रंथभर आपल्या निर्दोषत्वावर ठाम राहिलेल्या माणसाकडून शेवटी अशी कबुली वदवून घेणे आम्हांला पटत नाही. मित्र प्रथम येतात तेव्हाही हाच धातू योजला आहे: ते त्याचे सांत्वन करायला आले होते.