गोडाचे जेवण आणि रोडगा : वऱ्हाडच्या अन्नव्यवहारातील ऐपत, काटकसर व नीती

देबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच पुढील काळातील गाडगे महाराज, यांनी आपल्या पहिल्या मुलीच्या बारशाला जातभाईंना मांस व मद्य यांऐवजी गोडाचे जेवण घातले आणि त्यावरून जातीत रोष उत्पन्न झाला, हा प्रसंग त्यांच्या बहुतेक चरित्रकारांनी नोंदविला आहे. देबूजींचा विवाह १८९२ साली झाला व १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी गृहत्याग केला. प्रसंग या दोन घटनांमधील आहे. चरित्रांतून त्याचा अर्थ सामान्यतः एकच लावला जातो. वडिलांचा अंत दारूपायी झाला हे पाहिलेल्या तरुणाने रूढीविरुद्ध उचललेले ते पहिले पाऊल होय, असा तो अर्थ. हा अर्थ चुकीचा नाही. परंतु अपुरा आहे. ज्या वऱ्हाडात ते जेवण घातले गेले त्या वऱ्हाडातील स्वयंपाकघराच्या हिशेबाने पाहिले तर गोडाचे जेवण हे साधे जेवण नव्हते. किंबहुना त्या काळातील शेतकऱ्याला परवडणाऱ्या पदार्थांमध्ये ते सर्वांत चैनीचे होते. तेव्हा या कृतीत नीती होती हे मान्य करूनही तीत काटकसर होती काय, हा प्रश्न उरतोच.

अकोला व अमरावती या दोन जिल्ह्यांतील सपाटीवरचे रोजचे अन्न ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, एखादी पालेभाजी किंवा मिरचीचा ठेचा आणि तेल एवढेच होते. ज्वारी घरच्या शेतात होई. तिच्या कडब्यावर बैल जगत. गहू हे रब्बीचे पीक. पूर्णेच्या खोऱ्यातील खोल काळ्या जमिनीत, पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर तो पिके. बन्सीसारखा कठीण दाण्याचा गहू येथे पूर्वापार परिचित होता. तथापि पिकविणाऱ्याच्या घरी तो रोज शिजत नसे. सण, पाहुणा, लग्न आणि नवस या चार निमित्तांनी गव्हाचे पीठ परातीत पडे. गूळ व तूप यांचेही तेच. तूप घरी कढविले तरी ते विकून रोख पैसा मिळत असल्यामुळे घरातच खाणे ही ऐपतीची खूण होती. तांदूळ तर बाहेरून येई. गहू, गूळ, तूप आणि हरभऱ्याची डाळ एकत्र आली म्हणजे पुरणपोळी होते. आणि उपड्या तापलेल्या मातीच्या भांड्यावर ती पोळी हातांनी लांबवून टाकली म्हणजे वऱ्हाडातील मानाच्या पाहुण्याचे ताट पूर्ण होते. त्यात केशर-वेलदोड्याचा भाग नाममात्र असतो. घरातील चार वस्तू एकाच दिवशी एकत्र आणणे हीच येथील चैन होती.

याच काळात या चैनीचा बाजारभाव बदलत होता, ही गोष्ट लक्षात घेतल्याखेरीज देबूजींच्या पंगतीचा खर्च समजणार नाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला व वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मोल आले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला व बडनेरा यांवरून १८६७ साली नागपुरास पोहोचली. कापूस बाहेर जाण्याचा जो मार्ग, तोच साखर आत येण्याचा मार्ग ठरला. मॉरिशसची आणि पुढे युरोपातील बीटाची साखर मुंबई बंदरात इतकी उतरू लागली की बीटाच्या साखरेवर हिंदुस्थान सरकारला १८९९ साली प्रतिशुल्क बसवावे लागले. गुळाची जागा साखरेने घेणे, लग्नात पुरणाऐवजी लाडू वाढणे, ही त्यानंतरच्या कापूस-सुबत्तेची चिन्हे होत. मात्र सुबत्ता सर्वांची नव्हती. लक्ष्मण सत्य यांनी १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे कापसाचा विस्तार व अन्नाची असुरक्षितता येथे बरोबरच वाढत गेली. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी ती असुरक्षितता उघडी केली. ज्या प्रांताचा कापूस मँचेस्टरला जात होता त्या प्रांतातील माणसे सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती.

देबूजींचे बालपण व तारुण्य मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी, मामाच्या घरी गेले. मामाची शेती सावकाराच्या व्यवहारात गेली, ही गोष्टही चरित्रांतून आढळते. म्हणजे बारशाचा प्रसंग कर्ज, दुष्काळ आणि जातीचे जेवण या तिहींच्या सांध्यावर उभा आहे. प्रस्थापित रीत अशी की, आनंदाच्या वा नवसाच्या प्रसंगी बकरे कापावे, दारू आणावी व पंचांसह सर्वांना बसवावे. नवसाची कंदुरी हा याच रीतीचा धार्मिक प्रकार. बकरे बहुधा गावातच मिळे. ते कळपात वाढे, झुडपे व बांध यांवर जगे आणि त्याचे पैसे सुगीनंतर दिले तरी चालत असावेत. दारू मात्र मक्त्याच्या दुकानातून रोखीने वा उधारीने येई, आणि ती उधारी वाढत जाणारी असे. उलट गोडाच्या जेवणाला लागणारा गहू दुष्काळानंतरच्या वर्षांत महाग, साखर बाजारची, तूप विक्रीच्या मालातून काढून घेतलेले. तेव्हा मांसाऐवजी गोड वाढणे म्हणजे खर्च कमी करणे असे म्हणता येत नाही. कमी झाला तो दारूचा खर्च, आणि दारूनंतरचा खर्च.

यावरून जातीच्या रोषाचाही थोडा वेगळा उलगडा होतो. पंचांना अपमान वाटला तो अन्न हलके होते म्हणून नव्हे. गोडाचे जेवण ही वरच्या म्हणविणाऱ्या जातींची, ब्राह्मण-वाण्यांची रीत. परीट समाजातील एका तरुणाने ती आपल्या अंगणात आणली, यात आगळीक वाटण्यास पुरेसे कारण होते. समाजशास्त्रज्ञ अशा वर्तनास वरच्या जातींचे अनुकरण म्हणतील. ते येथे लागू करण्याचा मोह होतो. परंतु देबूजींचे पुढील आयुष्य त्याच्या विरुद्ध साक्ष देते. अनुकरण करणारा मनुष्य पुढे स्वतःच्या पंगतीची शुद्धता जपतो. या मनुष्याने पुढे महारोग्यांना व आंधळ्या-पांगळ्यांना पंगतीला बसविले आणि स्वतः फुटक्या गाडग्यात मागून आणलेली भाकर खाल्ली.

अन्नाकडे पाहण्याची ही दृष्टी वऱ्हाडात नवी नव्हती. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे केंद्र होते. गोविंदप्रभूंच्या लीळांमधून त्या काळातील खाण्यापिण्याचे जे चित्र मिळते ते मराठीतील सर्वांत जुन्या पाकविषयक पुराव्यांपैकी आहे. महदाइसेकडे ढिढऱ्यासाठी धरलेला हट्ट ही लीळा मराठी गद्याच्या अभ्यासकांस परिचित आहे. तीत दोन गोष्टी शेजारी आढळतात. एकीकडे गोविंदप्रभू आवडीचा पदार्थ मागतात, नाकारतात, पुन्हा मागतात, कोणाच्याही घरात शिरतात, अस्पृश्यांच्या घरचेही घेतात. दुसरीकडे पंथातील साधकाला चक्रधरांनी घालून दिलेला आचार भिक्षेचा आहे: सर्व वर्णांच्या घरी मागावे, मिळेल ते चवीचा विचार न करता सेवावे, हिंसा टाळावी. रुचकर अन्न देवाला आणि मिसळलेली भिक्षा साधकाला, अशी ही विभागणी आहे. तिचा गाडगे महाराजांवर प्रत्यक्ष परिणाम झाला असे म्हणण्यास आधार नाही, आणि तसा आधार शोधीत बसण्याचे कारणही नाही. एकाच मुलुखात सहाशे वर्षांच्या अंतराने तीच विभागणी पुन्हा दिसते, एवढे पुरेसे आहे.

खरी काटकसर शोधावयाची तर ती रोडग्यात शोधावी लागते. रोडग्याचा नवस महाराष्ट्रात जुना आहे. एकनाथांच्या (१५३३–१५९९) भवानीवरील भारुडात तो येतो. खंडोबाला चंपाषष्ठीस वांग्याच्या भरिताबरोबर दाखवितात तो रोडगा इतरत्र बाजरीचा असतो. वऱ्हाडातील रोडगा गव्हाचा. जाडसर दळलेल्या पिठात मीठ, ओवा व तेलाचे मोहन घालून घट्ट भिजवितात. लहान पोळ्या लाटून, मध्ये तेल लावून त्या एकावर एक ठेवितात, आणि सर्वांत बाहेरच्या पोळीने आतले पदर झाकून गोळा वळतात. मग शेणाच्या गोवऱ्या उघड्यावर रचून पेटवितात. जाळ विझून लाल विस्तव राहिला की गोळे त्यात पुरून गरम राखेने झाकतात. बाहेरचे कवच करपट व कडक होते, आतील पदर वाफेवर शिजतात. फडक्यात घेऊन राख झटकली, हाताने फोडून त्यावर तूप ओतले, बरोबर वांग्याची भाजी आणि वरण दिले, की जेवण झाले. पळसाच्या पानांत थापून भाजलेले पानगे हा याचाच सख्खा भाऊ.

या पाककृतीत तवा नाही, चूल नाही, भट्टी नाही. शंभर माणसांच्या पोळ्या लाटून भाजावयाच्या तर घरोघरच्या स्त्रियांचा दिवस जातो. शंभर रोडगे मात्र एकाच विस्तवात, एकाच वेळी होतात, आणि हे काम बहुधा पुरुष करितात. देवळाच्या आवारात किंवा शेतात रोडग्याची पंगत घालण्याची जी प्रथा या जिल्ह्यांत रुजली तिचे कारण भक्तीइतकेच या सोयीत आहे. शिवाय बकऱ्याच्या नवसाऐवजी रोडग्याचा नवस फेडता येतो. देव तोच, गाव तोच, उघड्यावरची आगही तीच. फक्त आगीवरचा पदार्थ बदलतो. कंदुरी सोडणाऱ्या घरांना हा बदल पुरणपोळीपेक्षा सोपा गेला असला पाहिजे, कारण त्यात साखर लागत नाही आणि तूप ऐपतीप्रमाणे घालता येते. श्रीमंताच्या पंगतीत रोडगा तुपात बुडतो, गरिबाच्या पंगतीत तो तेलावर भागतो. दोघांच्याही पंगतीला नाव रोडग्याचेच.

काटकसर म्हटली तरी ती कोणाच्या खर्चाने, हे पाहणे अभ्यासकाचे काम आहे. पूर्णेच्या खोऱ्यात सरपणाचा दुष्काळ आहे. मेळघाटचे जंगल उत्तरेस, पण सपाटीवरील गावांना पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या यांवरच भागवावे लागे. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी हिंदी शेतीवरील १८९३ च्या अहवालात असे प्रतिपादिले की, शेतकरी शेण जाळतो ते अज्ञानाने नव्हे, लाकूड मिळत नाही म्हणून. आणि जळलेले शेण म्हणजे शेताला न मिळालेले खत. कापसाने आधीच शोषलेल्या जमिनीच्या बाबतीत ही हानी लहान नव्हती. रोडग्याचा विस्तव फुकटचा दिसतो, त्याची किंमत पुढील हंगामात शेत देते. पाण्याचाही असाच प्रश्न. या खारपाणपट्ट्यातील विहिरींच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. वरणासाठी गोडे पाणी दुरून आणावे लागे, आणि ते आणणाऱ्या स्त्रियांचे श्रम कोणत्याही पंगतीच्या हिशेबात धरलेले नसत. रोडगे पुरुषांनी भाजले, याचे कौतुक करताना हे विसरले जाते.

गाडगे महाराजांच्या अन्नदानाचे पहिले मोठे क्षेत्र पूर्णाकाठचे ऋणमोचन हे होय. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. नदीवर स्नान करून ऋणातून मुक्त व्हावे ही यात्रेमागील श्रद्धा; कर्जात जमीन गमावलेल्या घरातील या माणसाने तेथेच घाट बांधण्याचे व अपंगांना जेवू घालण्याचे काम आरंभावे, यात नावाचा योगायोग विलक्षण आहे. येथे बारशाच्या पंगतीतील अडचण सुटलेली दिसते. एका घराने सर्व जातीला जेवू घालण्याऐवजी अनेक घरांनी मूठमूठ धान्य द्यावयाचे. जेवणारे जातभाई नसून ज्यांना कोणी पंगतीला घेत नाही असे लोक. आणि अन्न मात्र चांगले, गोडाचेसुद्धा. खर्च तोच राहिला, तो वाहणारे खांदे बदलले. प्रबोधनकार ठाकरे यांच्या १९५२ मधील चरित्राने हा भाग सर्वदूर पोहोचविला. याच्या जोडीला त्यांचा उपदेश पाहावा. देवापुढे बकरे कापू नका, सण-लग्नासाठी कर्ज काढू नका, जेवणाचे ताट विकून हातावर भाकर खावी लागली तरी मुलांना शिकवा. यजमानाच्या प्रतिष्ठेसाठी केलेला खर्च त्यांना वर्ज्य होता; भुकेल्याच्या तोंडी पडणारे तूप वर्ज्य नव्हते.

पंक्तिव्यवहाराचा हा प्रश्न शहरातही निराळ्या रूपाने पुढे आला. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातींचे विद्यार्थी एकत्र राहत व एकत्र जेवत. वसतिगृहाचे जेवण चैनीचे नसणार हे उघडच आहे. पण अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा ज्या शहरात झाला तेथे ज्वारीची भाकर एका ओळीत बसून खाणे ही गोष्ट पुरणपोळीपेक्षा महाग होती.

गाडगे महाराजांचे निधन २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे, पेढी नदीच्या परिसरात प्रवासातच झाले. पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे त्यांनी उभ्या केलेल्या धर्मशाळांतून हजारो माणसे जेवून गेली होती. त्यांच्या स्वतःच्या जेवणाविषयी चरित्रकारांत मतभेद नाही: कोणाच्या तरी दारी मागितलेली भाकर, वर चटणी किंवा कालवण, गाडग्याच्या खापरात.