युवराजाची आई



दिवाळीच्या आवराआवरीत यंदा सासूबाईंची लोखंडी पेटी उघडली. तळाशी जुन्या साड्यांखाली कागदांची घडी होती. शेतसारा भरल्याच्या पावत्या, कापूस विकल्याच्या चिठ्ठ्या आणि एक जुना सातबारा. आमच्या आजेसासऱ्यांनी नातवाच्या नावाने अकोल्याजवळ शेत घेतले होते, त्याचा. मालक म्हणून माझ्या यजमानांचे नाव, तेव्हा ते चार वर्षांचे होते. नावापुढे लिहिले होते 'अ.पा.क. आई', आणि त्यापुढे सासूबाईंचे नाव.

शेतीवाल्या घरांत हा शेरा नवा नाही. अज्ञान पालन कर्ता. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत त्याच्या वतीने कारभार पाहणारे माणूस. सासरे १९७१ साली गेले. पुढची चौदा वर्षे पेरणी, निंदण, वेचणी, अडत्याशी भाव, सोसायटीचे कर्ज सगळे सासूबाईंनी पाहिले. यजमान सज्ञान झाले तेव्हा फेरफार झाला आणि शेरा कमी झाला. शेराबरोबर त्यांचे नावही गेले. मी विचारले, "तेव्हा वाईट नाही वाटलं का?" त्या म्हणाल्या, "काऊन वाईट वाटीन बाई? पोराचंच होतं थे."

त्यांचे म्हणणे खरेच आहे. पण तो कागद हातात असताना मला सोळाशे वर्षांपूर्वीची एक बाई आठवली. तीही मुलाच्या नावाने कारभार पाहत होती. तिचे कागद तांब्याचे होते आणि त्यातला एक आपल्या अमरावती जिल्ह्यात सापडला आहे. आज तिच्याविषयी लिहिते.

तिचे नाव प्रभावतीगुप्ता. वडील गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त, ज्याला आपण विक्रमादित्य म्हणून ओळखतो. आई नागकुळातली राजकन्या कुबेरनागा. प्रभावतीचे लग्न झाले विदर्भातल्या वाकाटक घराण्यात, राजा दुसरा रुद्रसेन याच्याशी. वाकाटकांच्या दोन शाखा होत्या. एकीची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम, जे १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते. दुसरीची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे नगरधन. प्रभावती या नंदिवर्धनच्या घरात आली.

इसवी सन ४०० च्या सुमारास, थोडे मागेपुढे, रुद्रसेन वारला. मुले लहान होती. थोरल्या दिवाकरसेनाला युवराज म्हटले आणि राज्य आईने चालवले. हे आपल्याला कळते ते पुण्यात मिळालेल्या तिच्या ताम्रपटावरून. त्यावर तेरावे वर्ष लिहिले आहे. तेरा वर्षे झाली तरी दिवाकरसेन अजून युवराजच आहे, महाराज नाही. मुद्रेवर जे कोरले आहे त्याचा भाव असा, की वाकाटकांचे भूषण असलेल्या, वारशाने राज्य मिळालेल्या युवराजाच्या आईची ही आज्ञा आहे आणि ती शत्रूलाही मानावी लागेल. मुद्रेवर राणीचे नाव नाही. आहे ते 'युवराजाची आई' एवढेच. म्हणजे अ.पा.क. आईच झाली की नाही?

पण मुद्रा सोडून आतला मजकूर वाचला तर चित्र बदलते.

त्या काळच्या दानपत्रात आधी राजाची वंशावळ यायची. पणजा, आजा, बाप, मग स्वतः राजा. नंतर गावाचे नाव, दान घेणाऱ्याचे नाव आणि कोणते कर माफ, शिपायांनी त्या गावात शिरायचे नाही अशा सवलती. सुनेने राज्य चालवले तर वंशावळ सासरचीच यायला हवी. प्रभावतीने सुरुवात केली माहेरापासून. गुप्तांचा मूळपुरुष, पहिला चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, मग वडील. मग आई कुबेरनागेचे नाव. आणि मग ती स्वतः, दोन्ही कुळांचे भूषण. गोत्रही तिने वडिलांचेच लिहिले, धारण. वाकाटकांचे गोत्र होते विष्णुवृद्ध. नवऱ्याचे नाव येते, ती त्याची पट्टराणी असल्याचेही येते, पण तिच्या ओळखीची सुरुवात तिथून होत नाही.

यावरून पूर्वीच्या काही इतिहासकारांनी असे मांडले की ती नावालाच राज्यावर होती, खरा कारभार पाटलीपुत्राहून बापच हाकत होता. मुलगी एवढे करते म्हणजे मागे कोणी पुरुष असलाच पाहिजे, हे आपण घरातही ऐकतो. चंद्रगुप्ताचे वजन तिच्यामागे असणारच, ते नाकारायचे कारण नाही. एवढ्या मोठ्या सम्राटाच्या मुलीच्या राज्यावर चढाई करताना शेजारी दहा वेळा विचार करील. पण पुढची गोष्ट ऐका.

अमरावती जिल्ह्यात वाकाटकांचे दोन ताम्रपट मिळाले आहेत. एक अचलपूरजवळच्या चम्मक गावचा, तो मुलाचा, म्हणजे दुसऱ्या प्रवरसेनाचा. त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षी त्याने चर्मांक गाव एक हजार ब्राह्मणांना दिले. चर्मांक म्हणजेच आजचे चम्मक. दुसरा मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरचा. हो, तेच रिद्धपूर, जिथे श्रीगोविंदप्रभू राहिले आणि जिथे महदंबेने धवळे रचले. हा ताम्रपट आईचा आहे, प्रवरसेनाच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षाचा.

दोन पत्रांत वर्षाचे अंतर. राज्य एक, घर एक. मुलाच्या पत्रात वंशावळ वाकाटकांची आहे. आईचा उल्लेख त्याने आदराने केला आहे, ती कोणत्या महाराजाधिराजाची मुलगी तेही सांगितले आहे, पण राजा म्हणून तो वडिलांच्या कुळात उभा आहे. आईच्या पत्रात मात्र अजूनही गुप्तांची वंशावळ आणि धारण गोत्र.

आता गणित करू. चंद्रगुप्तानंतर गादीवर आलेल्या कुमारगुप्ताचा पहिला कालोल्लेख असलेला लेख इसवी सन ४१५ चा आहे. म्हणजे तोवर चंद्रगुप्ताचे राज्य संपले होते. रिद्धपूरचा ताम्रपट बहुतेक अभ्यासकांच्या हिशेबाने ४४० च्या आसपासचा. बाप जाऊन वीस-पंचवीस वर्षे झाली. मुलगा सज्ञान होऊन, राज्यावर बसून एकोणीस वर्षे झाली. आता तिला कोणाचा धाक नाही, कोणाच्या वतीने सही करायची नाही. तरीही ती दान स्वतःच्या नावाने देते आणि माहेरच्या नावाने सुरुवात करते. हे बापाच्या दडपणाने झाले असे कसे म्हणायचे? मला तरी वाटते, ही तिची स्वतःची ओळख होती आणि ती तिने सोडली नाही. शेरा कमी झाला, नाव राहिले.

तिच्या लेखांत एक दुःखही आहे. रिद्धपूरच्या पत्रात ती स्वतःला दामोदरसेन आणि प्रवरसेन या महाराजांची आई म्हणवते. ज्याच्यासाठी तेरा वर्षांहून जास्त राज्य सांभाळले, त्या दिवाकरसेनाचे नाव तिथे नाही. तो महाराज झालाच नाही, बहुधा त्याआधीच गेला. भंडारा जिल्ह्यातल्या मिरेगावच्या ताम्रपटाच्या मुद्रेवर ती दोन वाकाटक राजांची आई आहे. म्हणजे दामोदरसेन राजा झाला आणि त्याच्यामागून धाकट्या प्रवरसेनाला गादी मिळाली. नवरा तरुणपणी गेला, मग बहुधा दोन मुलगे. प्रत्येक वेळी राज्य विस्कटायला कारण होते. ते विस्कटले नाही. प्रवरसेनाने पुढे शांतपणे राज्य केले, आणि रामकथेवरचे 'सेतुबंध' हे काव्य त्याचे मानले जाते, तेही महाराष्ट्री प्राकृतात. आपल्या मराठीची ती आजी.

पुण्याचे आणि रिद्धपूरचे, दोन्ही पत्रे तिने कार्तिक शुद्ध द्वादशीला दिली आहेत. ती विष्णुभक्त होती, एकादशीचा दुसरा दिवस तिने निवडला. पारण्याच्या दिवशी आधी दान, हे आपल्यालाही समजण्यासारखे आहे.

पण सगळे गोड लिहून चालणार नाही. रिद्धपूरच्या दानात शेत आहे, शेतावरचे घर आहे आणि त्याबरोबर कुळांच्या चार झोपड्याही आहेत. त्या चार घरांतल्या बायकांना कोणी विचारले नसणार. त्यांची नावे कोणत्याच पत्र्यावर नाहीत. राणी बाई होती म्हणून शेतातल्या बाईचे दिवस पालटले, असे इतिहास सांगत नाही.

आपल्या भागात आईच्या नावाने ओळखणे नवे नव्हते. प्रभावतीच्याही आधी सातवाहनांची नागनिका नाणेघाटाच्या लेखात दिसते. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम सांगते आणि स्वतःला महाराजाची आई, महाराजाची आजी म्हणवते. बायकांना राज्याची वाट मुलावरूनच होती. हजार वर्षांनी चांदबिबीचेही तेच. अहमदनगरच्या लहानग्या बहादुर निजामशहासाठी ती किल्ल्याच्या तटावर उभी राहिली, आणि १५९६ च्या तहात नगर वाचवायला आपला वऱ्हाड मोगलांना देऊन बसली. मग शहजादा मुराद बाळापूरजवळ शहापूरला येऊन राहिला. म्हणजे एका कारभारणीच्या राज्यात वऱ्हाड होता आणि दुसरीच्या तहात तो गेला. दोघींना त्या वेळी जे हातात होते त्यातूनच निर्णय घ्यायचा होता.

आपल्या धर्माच्या वाचकांना जक्कियब्बेची आठवण करून देते. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला, राष्ट्रकूटांच्या काळात, कर्नाटकातल्या नागरखंडाचा अधिकारी वारला आणि सत्तर गावांचा कारभार त्याच्या पत्नीकडे आला. तिने तो नीट चालवला. पुढे दुखणे बळावले तेव्हा तिने कारभार मुलीकडे सोपवला, बंदणिकेच्या बसदीत जाऊन सल्लेखना घेतली. हातात घेणे आणि वेळेवर सोडणे, दोन्ही तिला जमले. आणि तिने सोपवले ते मुलीकडे, हे विसरू नका.

प्रभावतीलाही मुलगी होती. रामटेकच्या केवल-नरसिंह मंदिरात एक झिजलेला शिलालेख आहे. अभ्यासकांनी तो लावला तेव्हा कळले की आईच्या पुण्यासाठी मुलीने 'प्रभावतीस्वामी' या नावाने देव स्थापला. अलीकडे नगरधनच्या उत्खननात प्रभावतीच्या नावाचा मातीचा ठसा मिळाला, वर शंख कोरलेला. वजन साडेसहा ग्रॅमच्याही आत. एवढ्याशा मातीत नाव टिकले, कारण ते कोणीतरी लिहिले होते.

आमच्या सासूबाईंनी आपले नाव कुठे लिहिले नाही. लिहायचे असते हेच त्यांना कोणी सांगितले नव्हते. यंदा लक्ष्मीपूजनाला नवी वही पूजली तेव्हा पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहून झाल्यावर मी त्याखाली त्यांचे नाव लिहिले. त्यांच्या वडिलांचे, आईचे आणि माहेरच्या गावाचे नावही लिहिले, आणि खाली '१९७१ ते १९८५, शेताचा कारभार'. त्यांना वाचून दाखवले. चष्मा लावून त्यांनी पान पाहिले आणि म्हणाल्या, "आईचं नाव बरोबर लिवलं तू." मग थोड्या वेळाने, "पण साल चुकलं वो. सत्यांशीपर्यंत म्याच पाह्यत होती."

मी साल दुरुस्त केले.

तुमच्याही घरी अशी एखादी पेटी असेल. दिवाळी झाली असली तरी उघडून पाहा, आणि ज्यांना विचारता येईल त्यांना आताच विचारा.