निसर्ग चक्रीवादळ
अरबी समुद्रातील तीव्र चक्रीवादळ. ३ जून २०२० रोजी दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किमी.हून अधिक होता. नाव बांगलादेशाने सुचवलेले.

सर्वाधिक हानी श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, दापोली व मंडणगड तालुक्यांत झाली. घरांची कौले व पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. सर्वांत खोल घाव सुपारीच्या वाड्यांना (बागांना) बसला. श्रीवर्धनी रोठा ही सुपारीची नामांकित जात. तिची उंच, सडपातळ झाडे वाऱ्याने मधोमध मोडली. नवे रोप फळाला यायला काही वर्षे लागतात, म्हणून एका दुपारच्या वाऱ्याने वाडीवाल्यांची पुढची अनेक वर्षांची मिळकत नेली. सरकारने फळबागांना हेक्टरी ५०,००० रुपयांची मदत जाहीर केली. पण कोकणातली वाडी गुंठ्यांत मोजली जाते, त्यामुळे हे माप तिला तोकडेच पडले.

जमिनीवर येताच समुद्राची वाफ तुटून वादळ क्षीण झाले व ईशान्येकडे सरकले. किनाऱ्यापासून दूर असलेल्या, खानदेशातील धुळे, जळगाव जिल्ह्यांनाही वादळी पावसाचा इशारा होता. खानदेशात अशा इशाऱ्याचे महत्त्व केळीमुळे. जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल भागात जूनमध्ये घड कापणीला आलेले असतात. केळीचे खोड लाकडी नसते, एकमेकांभोवती गुंडाळलेल्या पानांच्या आवरणांचे असते. घडाच्या भाराने झुकलेले झाड जोराच्या वाऱ्यात बुंध्यातून मोडते. वावटळीसह येणारा मान्सूनपूर्व पाऊसही इथल्या बागा अशाच भुईसपाट करतो.