कादंबरीने लढाई थांबते का?

१० नोव्हेंबर १९२८ रोजी बर्लिनच्या ‘फोसिशे त्साइटुंग’ ह्या जुन्या वर्तमानपत्रात एक कादंबरी क्रमशः येऊ लागली. पहिले महायुद्ध संपले त्याला दुसऱ्या दिवशी बरोबर दहा वर्षे होणार होती. कादंबरीकाराचे नाव एरिख मारिया रेमार्क. वय अवघे तीस. त्याआधी एका मोठ्या प्रकाशकाने हे हस्तलिखित साभार परत केले होते. युद्धाबद्दल आता कोणाला वाचायचे आहे, असा त्या काळच्या प्रकाशकांचा समज होता. पण जानेवारी १९२९ मध्ये पुस्तक निघाले आणि दीड वर्षात २२ भाषांतून त्याच्या सुमारे २५ लाख प्रती खपल्या. इंग्रजीत त्याला ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ म्हणतात. आपल्याकडेही ते ह्याच नावाने ठाऊक आहे.

युद्धाविरुद्ध लिहिलेली कादंबरी वाचणाऱ्यावर काय परिणाम करते, हे पाहावयाचे तर ह्या पुस्तकाइतके चांगले उदाहरण नाही. त्याच्या वाचकांनी त्याला डोक्यावर घेतले, चुलीतही घातले, आणि त्यापायी काय काय झाले ते इतिहासात नोंदलेले आहे.

आधी पुस्तकात आहे काय, ते थोडे सांगतो. नायक पाउल बॉयमर हा शाळेतला मुलगा. त्याच्या वर्गाला कांटोरेक नावाचे मास्तर आहेत. हे मास्तर तासाला देशभक्तीवर अशी काही भाषणे देतात, की एके दिवशी सारा वर्ग त्यांच्या मागोमाग जाऊन सैन्यात नाव नोंदवतो. एक मुलगा, योसेफ बेम, जरा कचरतो. लठ्ठसा, गरीब स्वभावाचा पोर. पण सगळे जातात, आपण मागे राहिलो तर लोक भित्रा म्हणतील, म्हणून तोही जातो. आणि वर्गातला पहिला मरतो तो हाच. शिक्षकबंधूंनो, रेमार्कने ह्या कांटोरेकला राक्षस केलेले नाही, हे ध्यानात घ्या. तो वाईट माणूस नाही. आपण मुलांचे भले करतो आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे, आणि मला वाटते म्हणूनच ही पाने वाचवत नाहीत. ज्याच्या शब्दावर मुले विश्वास ठेवतात त्यानेच त्यांना कशात ढकलले, हे मुलांना खंदकात गेल्यावर कळते. रेमार्क स्वतः १९१६ साली अठराव्या वर्षी सैन्यात भरती झाला, १९१७ च्या जुलैत फ्लँडर्समध्ये तोफगोळ्याच्या तुकड्यांनी जखमी झाला, आणि युद्धानंतर काही दिवस खेड्यांतल्या शाळांत मास्तरकी करीत होता. टेबलाच्या दोन्ही बाजू त्याने पाहिल्या होत्या.

शेतकरी मंडळींनी लक्षात ठेवावा असा एक माणूस ह्या पुस्तकात आहे. त्याचे नाव डेटरिंग. त्याच्या मनात घर, बायको आणि शेत ह्यांपलीकडे दुसरे काही नाही. एका रात्री तोफगोळ्यांत सापडलेले जखमी घोडे ओरडत असतात. माणसांचे विव्हळणे ऐकण्याची सवय झालेले शिपाईसुद्धा कान झाकतात. डेटरिंग मात्र उभा राहून ओरडतो, त्यांना एकदा गोळी घालून मोकळे करा! पण आधी जखमी माणसे उचलायची असतात. मुक्या जनावरांना ह्या भानगडीत कशाला आणले, एवढाच त्याचा प्रश्न असतो. आपल्याकडे ज्याच्या गोठ्यात बैलजोडी आहे त्याला हे समजावून सांगायला नको. पुढे एक दिवस ह्या डेटरिंगला कोणाच्या तरी बागेत चेरीचे झाड फुललेले दिसते. त्याच्या घरी चेरीची बाग आहे. तो फांद्या तोडून घेऊन येतो, आणि एकदोन दिवसांत पलटणीतून नाहीसा होतो. पळून जायचे तर शेजारच्या हॉलंडात जावे, तर हा सरळ घरच्या वाटेने निघतो! अर्थात पकडला जातो. पुढे त्याचे काय झाले, कोणी ऐकत नाही.

लेखक इथे युद्ध वाईट आहे असे कुठेही म्हणत नाही. तो बुटांच्या एका जोडाची गोष्ट सांगतो. केमेरिख नावाचा मुलगा पाय कापल्यावर इस्पितळात मरतो आहे, आणि त्याचे चांगले बूट आता वाया जाणार म्हणून म्युलर ते मागतो. त्यात म्युलरचा दुष्टपणा नाही. बुटाची गरज खरी आहे. म्युलर मरतो तेव्हा बूट पाउलकडे येतात. पाने उलटताना वाचणाऱ्याचे डोळे माणसांवरून त्या बुटांवर जातात आणि तो दचकतो.

ह्या सगळ्यात जिवाला लागणारा प्रसंग आहे तो खड्ड्यातला. रात्री पाउल तोफगोळ्याने पडलेल्या एका खड्ड्यात दडून बसलेला असतो. वरून एक फ्रेंच शिपाई त्याच्या अंगावर कोसळतो. पाउल न बघता त्याला भोसकतो. पण तो माणूस लगेच मरत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याची घरघर चालते, आणि बाहेर गोळीबार चालू असल्यामुळे पाउलला तिथून हलता येत नाही. ज्याला भोसकले त्यालाच तो पाणी पाजतो, त्याच्या जखमा बांधतो. तो मेल्यावर त्याच्या खिशातले पाकीट उघडतो, तर आत बायकोमुलीचे फोटो आणि पत्रे निघतात. नाव असते जेरार द्युव्हाल. धंदा छापखान्यातला कामगार. तोपर्यंत जो शत्रू होता त्याला नाव मिळाले, आणि मग पाउलच्या तोंडून शत्रू हा शब्द निघेना.

शेवटी ऑक्टोबर १९१८ मध्ये, युद्ध संपायला महिना उरला असता, पाउल मरतो. त्या दिवशी आघाडी इतकी शांत असते, की सेनेच्या अहवालात पश्चिमेकडे कळवण्याजोगे काही नाही एवढेच लिहितात. पुस्तकाचे नाव त्यावरूनच आले.

आता हे वाचून लोकांनी काय केले? युद्धावरून परत आलेल्या कित्येकांना आपल्या घरच्यांना जे सांगता येत नव्हते ते कोणीतरी सांगितले असे वाटले. पाउल रजेवर घरी येतो तेव्हा त्याची आजारी आई विचारते, फार हाल होते का रे? आणि तो नाही म्हणतो. असे ‘नाही’ लाखो घरांत म्हटले गेले असेल. पण सगळ्यांनाच पुस्तक रुचले असे समजू नका. त्याच आघाडीवर लढलेल्या एर्न्स्ट युंगरने १९२० सालीच आपल्या अनुभवाचे पुस्तक लिहिले होते, त्यात लढाईचे तेज आणि थरार आहे. त्याचेही वाचक थोडे नव्हते. पुष्कळ माजी सैनिकांना रेमार्क आपल्या मेलेल्या सोबत्यांचा अपमान करतो असे वाटे. त्यांचा राग सगळाच ढोंगी होता, असे मी म्हणणार नाही. ज्याने भाऊ गमावला त्याला तो फुकट गेला असे ऐकवेल कसे?

पण ह्या रागाचे भांडवल करणारे तयारच होते. थुरिंगिया प्रांतात १९३० साली नाझी पक्षाचा विल्हेल्म फ्रिक मंत्री झाला, त्याने हे पुस्तक शाळांतून बंद केले. पाहा, पहिला घाव शाळेत! त्याच वर्षी अमेरिकेत ह्या कादंबरीवर बोलपट निघाला. डिसेंबरात तो बर्लिनला लागला, तेव्हा गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात पांढरे उंदीर सोडले, घाण वासाचे बॉम्ब फोडले, आणि आठवड्याच्या आत, ११ डिसेंबरला, सरकारने बोलपटावरच बंदी घातली. १० मे १९३३ रोजी बर्लिनच्या चौकात पुस्तकांची होळी झाली, तीत रेमार्कचे नाव घेऊन त्याची पुस्तके टाकली. तो तोवर स्वित्झर्लंडला निघून गेला होता. १९३८ साली त्याचे नागरिकत्व काढून घेतले.

बहीण मात्र जर्मनीतच राहिली. एल्फ्रीडे शोल्त्स ड्रेस्डेनला शिवणकाम करीत असे. युद्ध हरल्यात जमा आहे असे ती गिऱ्हाइकाजवळ बोलली, म्हणून तिच्यावर खटला झाला आणि १६ डिसेंबर १९४३ रोजी बर्लिनच्या तुरुंगात तिचा शिरच्छेद झाला. भावाच्या नावाचा रोष तिला भोवला, असेच पुढे सगळे समजत आले. रेमार्कला हे युद्ध संपल्यावर कळले. १९५२ साली छळछावणीवर लिहिलेली कादंबरी त्याने तिच्या स्मृतीला अर्पण केली.

तुम्ही म्हणाल, एवढ्या लाखो प्रती खपून उपयोग काय झाला? पुस्तक निघाल्यावर दहाच वर्षांत दुसरे महायुद्ध पेटले. हा प्रश्न जुनाच आहे. १८८९ साली ऑस्ट्रियाच्या बेर्टा फॉन सुटनर ह्या बाईंनी ‘शस्त्रे खाली ठेवा’ ह्या अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली. ती युरोपभर वाचली गेली, आणि १९०५ साली बाईंना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. २१ जून १९१४ ला त्या वारल्या. आठवड्याने सारायेव्होत गोळ्या झाडल्या गेल्या आणि महिना-सव्वा महिन्यात सारा युरोप लढाईत उतरला. तेव्हा कादंबरीने युद्ध थांबते, असे म्हणणाऱ्यापाशी पुरावा नाही. लढाया ज्या कारणांनी होतात ती कारणे कादंबरीच्या आवाक्यातली नसतात. परंतु पुस्तकात काहीच जोर नसता, तर नाझींनी उंदीर पकडून आणण्याचा खटाटोप केला असता का?

परिणाम शोधावयाचा तर एकेका माणसात शोधावा लागतो. त्या १९३० च्या बोलपटात पाउलचे काम ल्यू एअर्स नावाच्या एकवीस वर्षांच्या नटाने केले होते. पुढे १९४२ मध्ये अमेरिकेत त्याला लष्करात बोलावणे आले, तेव्हा मी माणूस मारणार नाही असे त्याने लिहून दिले. लोक खवळले. थिएटरवाल्यांनी त्याची चित्रे लावायचे बंद केले. त्याला आधी एका छावणीत पाठवले, पण मग त्याने सैन्याच्या वैद्यकीय पथकात काम मागून घेतले, आणि न्यू गिनी व फिलिपाईन्सच्या बेटांवर हातात शस्त्र न धरता जखमींची शुश्रूषा केली. एका भूमिकेने हे सगळे केले असे नाही, त्याची धर्मश्रद्धाही होती. पण द्युव्हालच्या खड्ड्यात काही दिवस बसून आलेला माणूस होता तो!

आपल्याकडे ह्या गोष्टीचा धागा अगदी जवळ आहे. त्याच महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या पलटणी कुटच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. अन्न संपले, घोडे कापून खाण्याची पाळी आली, आणि शरण गेल्यावर कैदेच्या वाटेवर कितीतरी मेले. फ्रान्समध्ये गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रे सरकारी माणसे उघडून वाचीत. म्हणून काही शिपाई घरी लिहीत ते सांकेतिक. काळी मिरी म्हणजे आपले शिपाई, तांबडी मिरची म्हणजे गोरे. मिरी संपत आली असे लिहिले की घरच्यांनी काय ते ओळखावे. ह्या पत्रांचे इंग्रजी तर्जुमे शिल्लक आहेत.

मराठीत युद्धाच्या झळीची कादंबरी आली ती १९३९ साली, विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’. तीत खंदक नाहीत. जर्मनीतून हाकललेल्या यहुदी लोकांना घेऊन निघालेली एक बोट आहे, आणि बोटीवरच्या थोड्या दिवसांचे एक प्रेम. शाळेच्या किंवा गावच्या वाचनालयात असेल तर जरूर काढून वाचा. लहान पुस्तक आहे, दोन बैठकींत होते.

सातारा जिल्ह्यात आणि इतरत्रही काही गावांत एक दगडी पाटी आढळते. ह्या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतकी माणसे गेली, पैकी इतकी मेली, असे तीवर कोरलेले असते. आकडा आहे, नावे नाहीत. इराकात बसऱ्याला ह्या आघाडीवरच्या मृतांचे मोठे स्मारक १९२९ साली, म्हणजे रेमार्कचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, उघडले. त्यावरही गोऱ्या शिपायांची नावे कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचे पलटणीवार नुसते आकडे लिहिले. ज्या संस्थेने ते बांधले तिने २०२१ साली ह्याबद्दल जाहीर माफी मागितली.

तुमच्या गावात अशी पाटी असेल, तर शिक्षकांनी वरच्या वर्गातली मुले घेऊन तिथे जावे. आकडा वहीत उतरून घ्यावा आणि मग घरोघर विचारावे. पेटीत ठेवलेले एखादे बिल्ल्याचे पदक, पेन्शनचा कागद, पणजीच्या तोंडची ऐकीव गोष्ट, ह्यांतून नावे निघू शकतात. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरात शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. उजेडात धरून, भिंग लावून वाचावी लागते.