मुलाचा प्रश्न आणि मराठी हगादा

मिसरच्या गुलामगिरीतून इस्राएली लोकांची सुटका झाली त्या घटनेची आठवण म्हणजे ज्यूंचा ‘पेसाह’, मराठी बायबलच्या भाषेत वल्हांडण. ही हकिकत बापाने मुलाला सांगावी अशी आज्ञा तोरा या धर्मग्रंथातच असल्यामुळे सणाच्या रात्रीचा ‘सेदेर’, म्हणजे ठरलेल्या क्रमाने चालणारा भोजनविधी, घरातील सर्वांत लहान मुलाच्या चार प्रश्नांपासून रंगू लागतो. बेखमीर भाकर, कडू भाजी आणि खजुराचा गोड रस यांचा अर्थ मुलाला उलगडून दाखवणे हेच वडीलधाऱ्यांचे त्या रात्रीचे कर्तव्य असते.

कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाकडे मात्र पिढ्यान्‌पिढ्या आचार उरला होता, ग्रंथ नव्हता. तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटला जाणारा हा समाज या सणाला ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत असे. आंबट रसाचे भांडे (अनाशी) त्या दिवसांत झाकून ठेवायचे, एवढ्या कृतीत आंबवलेले अन्न वर्ज्य करण्याच्या मूळ नियमाची खूण टिकून राहिली होती. मूल ती कृती पाहत असे, परंतु तिच्यामागची मिसरमधून सुटकेची कथा त्याला सांगणार कोण?

ही उणीव मराठीने भरून काढली. हगादा, म्हणजे सेदेरच्या रात्री वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत शिळाछापावर निघाली, आणि १८७४ मध्ये पुण्यात तिची सचित्र आवृत्ती छापली गेली. पुण्याच्या पोथीत हिब्रू मजकुराच्या जोडीला मराठी होते, आणि तिची काही चित्रे युरोपीय हगादांवरून घेतलेली असली तरी भाकरी करणाऱ्या स्त्रिया साड्या नेसून जमिनीवर बसलेल्या दाखवल्या होत्या. अक्षरओळख नसलेल्या मुलालाही त्या चित्रात आपलीच आई दिसली असेल, आणि दूरच्या मिसरची गोष्ट आपल्या घरची झाली असेल. पुढे १८८० च्या सुमारास या समाजाने बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही सुरू केली. मराठी श्रोत्याला ओळखीचा असलेला हा कथनप्रकार मुलांच्या कानांपर्यंत धर्मकथा पोहोचवत राहिला.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. तरीही या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे दिसते: आचार हातांनी जपता येतो, पण मुलाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर ते त्याच्या मायबोलीतच द्यावे लागते.