भोंगा आणि झोप

रात्री दहाच्या ठोक्याला दिवा मालवायचा आणि पहाटे पाचाला उठायचे, असा निश्चय एकदाही न केलेला गृहस्थ विरळाच. आणि तो निश्चय महिनाभर टिकवलेला गृहस्थ त्याहूनही विरळा! निश्चय मोडला की आपण स्वतःला आळशी म्हणून बोल लावतो. पण वेळेवर निजणे ही केवळ मनाच्या निर्धाराची गोष्ट आहे काय? मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास काही निराळेच सांगतो.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. कोकणातून, घाटावरून माणसे आली. गावी दिवेलागण झाली की जेवण, घटकाभर गप्पा आणि मग अंथरूण, असा त्यांचा शिरस्ता. गिरणीत विजेचे दिवे येण्यापूर्वी काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले. उन्हाळ्यात हा दिवस तेरा तासांहून मोठा होई. कामगाराच्या खोलीत घड्याळ कुठले? पहाटेचा भोंगा हेच त्याचे घड्याळ. उशीर झाला तर खाडा पडण्याचा धाक. घरच्या बाईला तर भोंग्याच्याही आधी उठून चूल पेटवावी लागे, आणि ती स्वतः गिरणीत जाणारी असली तरी तिचे हे काम काही सुटत नसे.

१८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवल्या. तिथे ठरलेल्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. त्यातल्या मागण्या पाहा: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. झोपेचा त्यांत शब्दही नाही. पण काम केव्हा सुरू व्हायचे आणि केव्हा थांबायचे हे एकदा ठरले, की निजायची वेळ आपोआप ठरते, हे त्या माणसांना कुणी शिकवावे लागले नव्हते. रविवारची सुटी मिळायला १८९० चा जून उजाडला.

पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाच गेली. १९०५ च्या सुमारास कापडाला तेजी होती. काही गिरण्या चौदा-चौदा तास चालू लागल्या. कामगार चिडले, दंगाही झाला. त्यातच १९०६ च्या जानेवारीपासून नवी प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेहून ३९ मिनिटे पुढे. घड्याळात तोच आकडा, पण भोंगा सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधीच वाजायचा! एका गिरणीतल्या कामगारांनी या वेळेविरुद्ध काम थांबवले. घड्याळाचा काटा फिरवून आपली झोप कापली जाते, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

१९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ साली दिवसाला अकरा, १९३४ साली दहा, आणि १९४८ च्या कायद्याने आठवड्याला अठ्ठेचाळीस तास झाले. तास घटले, पण रातपाळी वाढली. चाळीतल्या एकाच खोलीत दहा-बारा गडी. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची. दिवसा निजायचे, तर बाहेर पोरांचा गलका आणि नळावरची भांडणे. पाळी बदलली की झोपेची घडी पुन्हा विस्कटली. शरीराला आपले स्वतःचे घड्याळ असते, हे आता विज्ञानाने दाखवले आहे. त्या संशोधनाला २०१७ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. रातपाळीवाल्याला ते अंगावरच कळत होते.

१९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि भोंगेही थांबले. आज आपल्या उशाशी फोनचा दिवा जळतो. तो विझवणे आपल्या हाती आहे. पण रात्री अकराला साहेबाचा निरोप येतो, तो थांबवणे प्रत्येकाच्या हाती नसते.

म्हणून झोपेचा नेम धरायचा असेल, तर १८८४ सालचा तो अर्ज आठवावा. आधी उठायची वेळ पक्की करावी, मग काम थांबवायची. निजायची वेळ त्यांच्यामागून येते. आणि एवढे करूनही ती आली नाही, तर दोष आपल्या आळसाचा की दुसऱ्याच्या भोंग्याचा, हे एकदा शांतपणे तपासून पाहावे.